चोवीस डबल शून्य सदुसष्ट

त्या सकाळी पाच हजार एकशे त्र्याऐंशी ही नुसतीच एक बस होती. डेपोच्या फाटकातून ती आत वळली, तिच्या कपाळावरचे चार आकडे रोजच्यासारखे माझ्यासमोरून गेले आणि माझ्या डोक्यात काहीच झालं नाही. एरवी मला काही करावं लागत नाही. नंबर दिसला की तो आपला आपण सुटतो, बुटाची नाडी सुटावी तसा. एकाहत्तर गुणिले त्र्याहत्तर. दोघीही मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कुणालाही दाद न देणाऱ्या, आणि दोघींच्या मधोमध बाहत्तर. बाहत्तरचा वर्ग करावा, त्यातून एक काढून टाकावा, की ही बस. कित्येक वर्षं मी तिला फाटकात बघून मनातल्या मनात 'आलात का दोघी' म्हणत आले आहे. ड्रायव्हरला वाटतं मी त्याच्याकडे बघून हसते, म्हणून तो बिचारा लांबूनच हात वर करतो. त्या सकाळीही त्याने केला. मी मात्र त्या पांढऱ्या रेघांकडे बघत राहिले. पाच, एक, आठ, तीन. कुणीतरी ब्रशने काढलेली चार चित्रं. मागून दुसरी आली, तिसरी आली, सगळ्या नुसत्या बस.

झोप कमी झाली असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी जागेवर जाऊन बसले. माझं काम बसच्या वेळा बसवण्याचं. एका मार्गावर बारा मिनिटांनी बस सुटते, दुसऱ्यावर अठरा मिनिटांनी. दोघींची गाठ एका थांब्यावर कधी पडेल, म्हणजे माणसं जीव खाऊन न धावता एकीतून उतरून दुसरीत चढतील, हे मी पेन न उचलता सांगते अशी माझी ख्याती आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "ताई, बारा आणि अठरा?" आणि मी त्याच्याकडे अशी बघत राहिले की आपणच काहीतरी भलतं विचारलं असं त्याला वाटलं. "थांब जरा, चहा घेऊन सांगते," म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि शाळेतल्या मुलीसारखा सातचा पाढा म्हणायला लागले. सात एके सात, सात दुणे चौदा. चाल आठवत होती, तिच्या जोरावर मी सात साते एकोणपन्नासपर्यंत आले. सात आठे. सात आठे म्हटलं आणि पुढे काही नव्हतंच. विसरलेली गोष्ट जिभेवर येते आणि परत जाते, तसंही नव्हतं. जिभेवर काही आलंच नव्हतं. खालून कुणीतरी वर येत होतं, त्याला वाट देण्यासाठी मी भिंतीला टेकले आणि तशीच टेकून उभी राहिले.

गंमत म्हणजे मला नोकरीची काळजी वाटली नाही, आधी बाबांची वाटली. वेळा काय, संगणकही बसवतो. पण आमच्या घरी संध्याकाळ बसवणारं दुसरं कुणी नाही. बाबांचं सारं आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेलं, त्यात कान गेले. कानात घालायचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते कपाटात झोपलेलं असतं. आई गेल्यापासून आम्ही दोघं संध्याकाळी कोचावर शेजारी बसतो, ते तळहात पुढे करतात आणि मी त्यावर बोटाने दिवसभरात भेटलेला एखादा नंबर लिहिते. बसचा, दुकानाच्या पाटीवरचा, कुठला तरी. ते डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि माझ्या तळहातावर त्याचे विभाजक लिहून देतात. मग त्यांची पाळी. त्यांचा हात चामड्यासारखा झालाय, माझ्या हाताला अजून गुदगुल्या होतात. बाकी काही आम्ही एकमेकांना फारसं सांगत नाही. सांगायचं तर ओरडावं लागतं आणि ओरडून सांगितली की साधी गोष्टही भांडणासारखी वाटते. त्या संध्याकाळी मी त्यांच्या हातावर पाच हजार एकशे त्र्याऐंशी लिहिले, कारण तेवढंच सुचलं. त्यांनी लगेच एकाहत्तर आणि त्र्याहत्तर लिहून दिले आणि 'एवढं सोपं देतेस होय' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातावर लिहिले एक्याण्णव. एक्याण्णव म्हणजे आमच्याकडे शेंबड्या पोराला द्यायचा नंबर. मी हाताकडे बघत बसले. "कंटाळा आला का छोटी?" बाबा म्हणाले. पन्नाशी उलटली तरी मी छोटीच. मी मान हलवली आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा, मला येत नाहीये!" बाबांनी माझी बोटं एकेक करून मिटली आणि मूठ बंद केली. "राहू दे," ते म्हणाले, "तिथंच ठेव. जातोय कुठं." ही मूठ उघडलीच नाही तर आमच्या घरात दोन माणसं आणि एक टीव्ही उरेल, एवढंच मला कळत होतं, आणि ते मला नको होतं.

हे वेड आमच्या घरात बाबांच्या कारखान्यातून आलं. ते दातेरी चाकं कापायचे. चाकाच्या कडेला सारख्या अंतरावर दात पाडायचे तर आधी त्या संख्येचे भाग पाडावे लागतात. साठ दात म्हणजे खुशाल. दोनने भागा, तीनने भागा, पाचने भागा, साठ गरीब गाय. पण एकदा एकशे सत्तावीस दातांचं चाक आलं. एकशे सत्तावीस कशानेच भागत नाही. बाबांच्या नाकी नऊ आले, पण चाक कापून झाल्यावर ते घरी आले ते जणू कुणाला तरी ओळख करून द्यायला घेऊन आल्यासारखे. "हट्टी आहे," ते आईला म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात मूळ संख्यांना हट्टी म्हणतात. दोन चाकं एकमेकांत फिरवायची तर त्यातलं एक हट्टी असलेलं बरं, असं ते सांगत. मग प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक खाचेला भेटतो आणि झीज सगळ्यांना सारखी वाटली जाते. आई तसबिरींच्या दुकानात काम करायची. काच कापणं, चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा कापणं. तिला भागाकाराचा कंटाळा. ती नंबर कापायची. पुठ्ठ्याचा एक मोठा चौकोन घ्यायचा आणि त्याच्या कोपऱ्यातून छोटा चौकोन कापून काढायचा. उरतं ते वाकडं, पण त्यात बरोबर नंबराएवढी घरं. त्यातली एक पट्टी कापून, वळवून दुसऱ्या बाजूला लावली की सरळ आयत. "झाला आयत," ती म्हणायची, "म्हणजे फुटला तुमचा नंबर. ही लांबी, ही रुंदी." बाबा भाग देत सुटायचे आणि ती पोळपाटासारखा पुठ्ठा फिरवून बघायची. कधी ते आधी पोचायचे, कधी ती. ती आधी पोचली की दिवसभर घरात शीळ वाजवत फिरायची.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "या वयात होतंच असं" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तसं म्हटलं नाही. त्यांनी मला नाव विचारलं, वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं, नाकाला बोट लावायला सांगितलं. मी सगळ्यात पास. बोलतानाही काही अडत नव्हतं. नाकी नऊ आले, पाचावर धारण बसली, छत्तीसचा आकडा, हे सगळं मी त्यांना घडाघडा बोलून दाखवलं. नऊ, पाच आणि छत्तीस यांचं आपसात काय नातं आहे ते तेवढं सांगता येत नव्हतं. बाई हसल्या नाहीत. "आत काय झालंय ते बघू या," त्या म्हणाल्या. "परत येईल का?" मी विचारलं. "बघितल्याशिवाय खोटं कशाला बोलू?" मला त्यांचा राग आला आणि विश्वासही वाटला. पण ते बघण्याचं यंत्र म्हणजे एक बोगदा. तोंडावर पिंजरा बसवतात, हातात रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा म्हणतात. पहिल्या खेपेला मी पुरती आत गेलेही नव्हते तोच फुगा दाबला. बाहेर आल्यावर घामाने चिंब झाले होते आणि यंत्र चालवणारी मुलगी म्हणत होती, "होतं असं ताई, पुष्कळांना होतं." पुन्हा जमलं नाही तर भूल द्यावी लागेल आणि त्यासाठी पुष्कळ दिवस नंबर लागणार नाही, असं तिने सांगितलं. आतलं जे काही होतं ते तोवर थांबेल की वाढेल, हे कुणीच सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला बाबा बरोबर आले. नको म्हटलं तरी आले. आतल्या खोलीत गारठा असतो हे कुठून तरी ऐकून त्यांनी माझा स्वेटर आणला होता, आणि त्याला धातूची चेन आहे म्हणून तो मुलीने बाहेरच ठेवून घेतला. घड्याळ काढलं, कानातलं काढलं, चष्मा काढला, पाठीला नाड्या असलेला झगा घातला. अशी सोलून निघालेली मी दारात उभी असताना बाबा अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपला हट्टी घेऊन जा आत. नंबरला काही अडवत नाहीत!" आपला हट्टी म्हणजे चोवीस डबल शून्य सदुसष्ट. आमच्या जुन्या घरातल्या फोनचा नंबर. तो फोन जाऊन जमाना झाला.

मुलीने कानात बोळे घातले, पिंजरा बसवला, फुगा दिला आणि म्हणाली, "हलायचं नाही हं ताई, अगदी दगड." मग ती गेली आणि छत माझ्या नाकाशी आलं. ठक ठक ठक ठक असा आवाज सुरू झाला, आणि डेपोतच कुणीतरी पत्रा ठोकतंय असं समजून घरच्यासारखं वाटून घे, अशी मी स्वतःला आज्ञा केली. तसं काही वाटलं नाही. अंगठा फुग्यावर होता. दोन लाख चाळीस हजार सदुसष्ट, मी म्हटलं. बाबांच्या वाटेने निघाले. तीनने भाग जातो का? आकड्यांची बेरीज करायची, एवढं आठवलं. बेरीज केल्यावर काय बघायचं, ते आठवेना. सातने? सातच्या वाटेवर काय आहे ते मला जिन्यात कळलंच होतं. ती वाट बंद होती. छाती धडधडायला लागली आणि पिंजऱ्याच्या गजांवर माझाच श्वास आपटून परत यायला लागला.

आणि तेव्हा मला तो फोन दिसला. काळा, जड, बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवलेला. तो आमच्याकडे आला तो आईच्या दुखण्यामुळे. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती बरेच दिवस हॉस्पिटलात होती. मी दहा वर्षांची. दुसरं ऑपरेशन लागणार की घरी सोडणार, ते दुपारनंतर फोनवर कळवू, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं. बाबांनी रजा काढली होती. जेवणं कशीबशी उरकली आणि आम्ही दोघं फोनसमोर बसलो. तो वाजेना. बाबा उठत, खिडकीपर्यंत जात, परत येत. शेवटी म्हणाले, "छोटी, चल, याचा नंबर फोडू. वाजेपर्यंत." आणि मला त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. लहान मूळ संख्येपासून सुरुवात करायची, एकेकीने भाग देऊन बघायचा, आणि चारशे नव्वदच्या आत थांबायचं; कारण नंबर दोघांच्या गुणाकाराने बनला असेल तर त्यातला एक तरी चारशे नव्वदच्या आत असणारच, दोघंही त्याहून मोठे असतील तर गुणाकार नंबरच्या पलीकडे जाईल. एक संख्या त्यांनी तपासायची, पुढची मी. मी जिभेचं टोक बाहेर काढून भागाकार करत होते. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि तरी मला वाटत होतं की आपण खेळतोय. ते मला खेळवत होते हे कळायला मला वय लागलं, आणि मी त्यांना खेळवत होते हे कळायला त्याहून जास्त. दुपार अशीच संपली. "चारशे एकवीस, नाही," बाबा म्हणाले. आणि दारावर टकटक झाली.

दारात आई उभी होती. वाळून काडी झालेली, एका हाताने चौकट धरलेली, मागे तिची पिशवी घेतलेला हॉस्पिटलचा माणूस. "तासभर फोन लावतेय," ती म्हणाली. "सारखा एंगेज. कुणाशी एवढं बोलणं चाललंय?" आम्ही दोघांनी फोनकडे पाहिलं. रिसीव्हर एका बाजूला किंचित उचललेला होता आणि त्याच्याखाली माझं खोडरबर होतं. ते मी मघापासून शोधत होते, आणि मिळत नाही म्हणून थुंकी लावून आकडे पुसत होते. आई हसायला लागली, टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायला लागली, आणि बाबा तिला धरून रडायला लागले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी तिच्या पदराला धरून नुसती उभी होते. मग ती चपला न काढताच खुर्चीत बसली, मी तिला चिकटून बसले आणि थोड्या वेळाने बाबा घसा साफ करून म्हणाले, "थोड्याच राहिल्यात." "अहो, मी जिवंत परत आलेय!" आई म्हणाली. "तेच म्हणतोय. तू निवांत बस, आम्ही एवढं संपवतो. छोटी, कुणाची पाळी?" "तुमची," मी म्हटलं. चारशे तेहतीसपासून बाबांनी पुढे सुरुवात केली. तिचा हात माझ्या केसांत होता. शेवटपर्यंत काही लागलं नाही. "हट्टी!" बाबांनी जाहीर केलं, एखादं बक्षीस लागल्यासारखं. आई डोळे मिटून म्हणाली, "चारशे नव्वदचा चौकोन, तेहतीस कमी. तेहतीसचा काही चौकोन होत नाही. पुढची पट्टी लावून बघू का?" "कशाला? आम्ही दोघांनी तपासलाय," बाबा म्हणाले. ती तशीच झोपून गेली.

त्या दिवसापासून तो नंबर आमचा झाला. परीक्षेला जाताना मी तो पुटपुटायची, बाबा पगारवाढीच्या दिवशी. कॅल्क्युलेटरवर तपासून बघणं आमच्या घरात लबाडी समजली जाते, पण तो काही मुद्दा नव्हता. घरच्या माणसाची कुणी उलटतपासणी घेतं का? त्यानंतर आई पुष्कळ वर्षं होती. मला वेळा बसवण्याची नोकरी लागली, तेव्हा तिने माझ्या टेबलासाठी एक रिकामी चौकट करून दिली, म्हणाली, "यात काय लावायचं ते तुझं तू ठरव." मी अजून काही लावलेलं नाही. रिकामी छान दिसते. हे सगळं बोगद्यात माझ्याभोवती आलं आणि मला जाणवलं की छाती शांत झाली आहे आणि अंगठा फुग्यावरून केव्हाच उतरला आहे.

यंत्राचा आवाज बदलला, आता घर्रर्र घर्रर्र. पुढची पट्टी लावून बघू का? आईचा आवाज अगदी कानाशी होता, आणि मी म्हटलं, लाव. सात साते एकोणपन्नास, त्याला एक शून्य, चारशे नव्वद; तिथपर्यंत माझा रस्ता शाबूत होता. तेहतीस कमी, हेही करावं लागत नव्हतं, ते गाण्यासारखं पाठ होतं. आता चौकोन एका घराने वाढवायचा, म्हणजे दोन बाजूंना दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात एक तुकडा. चारशे नव्वद, चारशे नव्वद आणि एक. नऊशे एक्याऐंशी. त्यात आधीचे तेहतीस. बेरीज मला येत होती की नाही हे इतक्या दिवसांत मी भीतीने तपासलंच नव्हतं. हळूहळू, तान्ह्या मुलाला पायरीवरून उतरवावं तशी मी ती केली. एक हजार चौदा. बत्तीसचा वर्ग एक हजार चोवीस, हा जुना ओळखीचा; दहाने हुकला. पुढची पट्टी दोनने मोठी. एक हजार नऊशे सत्त्याण्णव. सातवर कुठलाच चौकोन संपत नाही, हे आईने पुठ्ठ्यावर लिहून शिकवलेलं. पुढची. दोन हजार नऊशे ब्याऐंशी. दोनवरही संपत नाही. पुढची. नऊशे सत्त्याऐंशी मिळवले. तीन हजार नऊशे एकोणसत्तर. नऊवर संपतो. मी दगड होऊन पडले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याचा चौकोन होता. साठ बाय साठ, छत्तीसशे. उरले तीनशे एकोणसत्तर. तीनची एक पट्टी साठ लांब, एकशे ऐंशी, दुसरी तेवढीच, कोपऱ्यात तीन बाय तीन, नऊ. कुठे फट राहिली नाही, कुठे काही वर आलं नाही. त्रेसष्टचा चौकोन. मोठा चौकोन चारशे चौऱ्याण्णवचा, कोपऱ्यातून त्रेसष्टचा कापून काढलेला. पट्टी वळवून लावली. आयत झाला.

आमचा हट्टी फुटला. एका बाजूला चारशे चौऱ्याण्णव आणि त्रेसष्ट, पाचशे सत्तावन्न. दुसऱ्या बाजूला चारशे चौऱ्याण्णव वजा त्रेसष्ट, चारशे एकतीस. डोळ्यांतून पाणी ओघळून कानातल्या बोळ्यांत गेलं आणि पुसता येईना. मला येत होतं. धड नाही, सरळ वाटेने नाही, पण आईच्या वाटेने येत होतं. आणि मग चारशे एकतीस. मी पुन्हा म्हटलं, चारशे एकतीस. बाबांनी चारशे एकवीस केला होता. त्यानंतर चारशे एकतीस माझा होता. दारावर टकटक झाली, आई आली, खोडरबर सापडलं, हसलो, रडलो, आणि मग बाबांनी चारशे तेहतीस घेतला. त्यांना वाटलं मी केला. मला त्या वेळी काहीच वाटत नव्हतं, मला फक्त आई आलेली कळत होती. एवढ्या सगळ्या संख्यांतली एकच आम्ही सोडली होती आणि नंबर नेमका तिनेच फुटत होता. आमच्या या न फुटणाऱ्या नंबरला एक दार होतं, आणि आई त्याच दारातून आत आली होती. मी पिंजऱ्यात हसले. "ताई, हलताय," मुलीचा आवाज आला. "सॉरी," मी म्हटलं, आणि आभार कुणाचे मानायचे ते न कळून तिचेच मानले.

बाहेर बाबा माझा स्वेटर मांडीवर धरून बसले होते. मी त्यांचा हात घेतला आणि त्यावर लिहिले चारशे एकतीस. त्यांनी प्रश्नार्थक पाहिलं. मी त्याखाली फोनचा नंबर लिहिला. ते आधी हसले, म्हणजे मला हे आता येतंय म्हणून हसले, आणि मग गंभीर झाले. आपल्याच मांडीवर बोटाने भागाकार मांडला. पाच. पुन्हा पाच. सात. शेष शून्य. बोट शून्यावर थांबलं. "हा माझा होता की तुझा?" ते म्हणाले. "माझा," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं. "पण दार वाजलं." बाबा समोरच्या भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर हात धुण्याची पद्धत समजावणारं चित्र होतं. ते त्याच्याकडे इतकं मन लावून बघत होते की मला वाटलं, झालं, उगाच सांगितलं, म्हाताऱ्या माणसाकडे होतं तेवढंही काढून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर माझा मेंदू होता, करड्या रंगाचा, आणि त्यात एका बाजूला एक फिकट डाग. बारीकशी शीर बंद पडली होती, त्याभोवती सूज होती, सूज उतरायला लागली आहे, नवीन काही वाढत नाही. "बरंच परत येईल," त्या म्हणाल्या. "सगळं नाही कदाचित. गोळ्या चुकवायच्या नाहीत." "परत यायला सुरुवात झालीये," मी म्हटलं आणि माझा जीव भांड्यात पडला तो त्यांना ऐकू आला असेल. बाबांना यातलं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी माझा चेहरा बघितला, बाईंचा बघितला, मान डोलावली आणि पुन्हा आपल्या विचारात गेले. आम्ही जिना उतरलो, रस्ता ओलांडला. थांब्यावर बाकाचं एक टोक रिकामं होतं, तिथे मी त्यांना बसवलं आणि शेजारी उभी राहिले. एक बस आली, तिचा नंबर सुटला नाही, आणि मी तिला जाऊ दिलं.

"छोटी," बाबा एकदम म्हणाले, नेहमीप्रमाणे सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं. "ती जरा उशिरा आली असती, तर हा त्या दिवशीच फुटला असता."

"हो बाबा."

"मग आज तू आत काय फोडलं असतंस?"

थांब्यावरची माणसं आमच्याकडे बघत होती. त्या खोडरबराचे, त्या टकटकीचे, दुखत्या पोटाने जिना चढून आलेल्या माझ्या आईचे मी किती आणि कुठे आभार मानू, मला कळेना. मी बाबांच्या पुढ्यात खाली बसले. माझ्या मुठीत अजून त्यांचा एक नंबर तसाच पडून होता. दहाचा चौकोन, कोपऱ्यातून तिनाचा कापलेला. मी त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर आधी सात लिहिले, मग तेरा.

बाबांनी हात डोळ्यांजवळ नेऊन, जणू तिथे खरंच काही दिसत असावं, असा पुन्हा पुन्हा बघितला.

"एक्याण्णवला एवढा वेळ?" ते म्हणाले, आणि स्वेटरने डोळे पुसले.